ज्या जनुकाचा आरएनएच नाही, ते यादीत वर

सेप्टिन-१४ हे जनुक चालतं ते मुख्यतः वृषणात. आमच्याकडच्या ग्लायोब्लास्टोमाच्या (मेंदूतल्या आक्रमक कर्करोगाच्या गाठीच्या) पेशींचं आरएनए सीक्वेन्सिंग उघडून पाहिलं तर त्याचे रीड, म्हणजे वाचलेले तुकडे, जवळपास शून्य. म्हणजे हे जनुक असलं काय आणि नसलं काय, त्या पेशींना सोयरसुतक असायचं कारण नाही. तरीही क्रिस्पर स्क्रीनचा, म्हणजे एकेक जनुक तोडून पेशी जगते का हे बघणाऱ्या चाचणीचा, निकाल हातात आला तेव्हा ‘हे तोडलं की पेशी मरतात’ या यादीत ते प्रोटिआसोम आणि राइबोसोम या प्रत्येक पेशीला लागणाऱ्या यंत्रणांच्या जनुकांच्या पंगतीत बसलं होतं. त्याचे चारही गाइड (कापणाऱ्या कात्रीला त्या जनुकापर्यंत नेणारे छोटे आरएनए) घसरलेले आणि एकमेकांशी जुळणारे. पी-व्हॅल्यू तर डोळे दिपवणारी.

निकाल येतो तेव्हा खोलीत दोन तट पडतात. एक गट लगेच या प्रथिनावर चालणारं कुठलं रसायन बाजारात मिळतं हे शोधू लागतो. दुसरा गट, ज्यात बहुधा एकटी मी असते, जीनोम ब्राउझर उघडून ते जनुक कुठल्या गुणसूत्रावर आणि कुणाच्या शेजारी आहे ते बघतो. सेप्टिन-१४ सातव्या गुणसूत्रावर ७पी११ या भागात आहे, ईजीएफआर या वाढीचा संदेश घेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकापासून सुमारे ६ लाख बेसपेअर अंतरावर. मोठ्यांच्या ग्लायोब्लास्टोमांपैकी सुमारे ४० टक्क्यांत ईजीएफआरच्या प्रती वाढलेल्या असतात. आमच्या पेशी त्याच गटातल्या. यादीत आणखी खाली पाहिलं तर एलएएनसीएल२, व्हीओपीपी१, एसईसी६१जी. सगळी एकाच गल्लीतली.

इथेच संशय यायला हवा होता. पण एका हुशार विद्यार्थ्याने पाच मिनिटांत उत्तर काढलं: “मॅडम, फ्युजन! ईजीएफआर-सेप्टिन-१४ फ्युजन ग्लायोब्लास्टोमात सापडलेलं आहे.” आणि ते खरंही आहे, २०१३ पासून माहीत आहे. ईजीएफआरची शेपूट तुटते, तिच्या जागी सेप्टिन-१४चा शेवटचा तुकडा चिकटतो आणि संदेश चालू राहतो. वरिष्ठांचा चेहरा उजळला, प्रेझेंटेशनची स्लाइड तिथल्या तिथे तयार होऊ लागली. या धंद्यात नुसत्या चुकीच्या निकालाची मला फारशी भीती वाटत नाही. चुकीच्या निकालाला छापील आधार मिळाला की मात्र तो आवरत नाही.

फ्युजनचा मुद्दा निकालात काढायला दोनच गोष्टी तपासाव्या लागल्या. पहिली, आरएनए-सीक्वेन्सिंगमध्ये दोन जनुकांच्या सांध्यावरून जाणारा एकही रीड नव्हता. दुसरी जास्त पक्की. लायब्ररीतले गाइड शक्यतो प्रथिनाच्या सुरुवातीच्या भागावर बेतलेले असतात, म्हणजे तिथे कापलं की पुढचं सगळं वाचन बिघडावं. फ्युजनमध्ये सेप्टिनचा येतो तो शेवटचा तुकडा. आमचे चार गाइड ज्या एक्सॉनवर (जनुकातल्या प्रथिनाची माहिती असलेल्या तुकड्यांवर) कापतात ते एक्सॉन फ्युजनमध्ये नसतातच. गाइड नेमका कुठे कापतो हे बघायला पाच मिनिटं पुरतात. ती कुणी खर्च करत नाही, कारण जनुकाच्या नावापुढे एक आकडा आलेला असतो आणि त्यावर लोकांचं भागतं.

स्क्रीन म्हणजे काय हे बाहेरच्यांना थोडक्यात सांगते. ब्रुनेलो नावाची लायब्ररी घेतली तर ७७,४४१ गाइड असतात, १९,११४ जनुकांसाठी प्रत्येकी साधारण ४ आणि वर १,००० नियंत्रण गाइड. ते लेंटिव्हायरसमध्ये भरून कॅस-९ असलेल्या पेशींना द्यायचे. एका पेशीत एकच गाइड जावा म्हणून विषाणू मुद्दाम पातळ ठेवायचा, एमओआय (दर पेशीमागे विषाणू) ०.३. त्या हिशेबात २६ टक्के पेशींना लागण होते आणि लागण झालेल्यांपैकी ८६ टक्क्यांत एकच गाइड असतो. प्रत्येक गाइड किमान ५०० पेशींत हवा, म्हणजे लागण झालेल्या ३ कोटी ८७ लाख पेशी लागतात आणि सुरुवातीला जवळपास १५ कोटी. मग प्युरोमायसिन या औषधाने लागण न झालेल्या मारायच्या, उरलेल्या वाढू द्यायच्या आणि शेवटी कुठले गाइड कमी झाले ते मोजायचं. ज्याचं जनुक पेशीला गरजेचं, तो गाइड मागे पडतो.

के-५६२सारख्या ल्युकेमियाच्या पेशींत हे सगळं सरळ जातं. त्या तरंगत वाढतात, दिवसाला साधारण दुप्पट होतात, १५ कोटी पेशी म्हणजे काही बाटल्यांचं काम. रुग्णाच्या गाठीतून काढलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी मात्र लॅमिनिन लावलेल्या प्लेटवर, सीरमशिवाय, बी-२७ आणि वाढीच्या घटकांवर पोसाव्या लागतात. सोडवायला ट्रिप्सिन चालत नाही, अॅक्युटेज लागतं, आणि दुप्पट व्हायला तीन-चार दिवस घेतात. तरी प्रोटोकॉलमध्ये लिहिलेले १४ दिवस पाळून पेशी गोळा करणारे लोक मी पाहिलेत. १४ दिवसांत के-५६२ चौदा वेळा दुप्पट होते, या जेमतेम चार वेळा. चार दुपटींत घसरण दिसते ती अतिगरजेच्या जनुकांची, बाकी सगळा गोंगाट. कॅलेंडर बाजूला ठेवून दुपटी मोजायच्या. किमान दहा तरी.

सगळ्यात जास्त नासाडी शेवटच्या, गाइड मोजण्याआधी त्यांच्या प्रती वाढवणाऱ्या पीसीआरला होते, आणि तिथे कुणाचं लक्ष नसतं कारण तोवर सगळे थकलेले असतात. एका पेशीत ६.६ पिकोग्रॅम डीएनए धरला तर ३ कोटी ८७ लाख पेशींचा २५५ मायक्रोग्रॅम होतो. १०० मायक्रोलिटरच्या एका पीसीआरमध्ये साधारण १० मायक्रोग्रॅम जातो, त्याहून जास्त कोंबला तर एन्झाइमच गुदमरतं. म्हणजे प्रत्येक नमुन्याला २६ नळ्या. लोक तीन लावतात. तीन नळ्यांत ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४५ लाख पेशी, म्हणजे कव्हरेज (दर गाइडमागे पेशी) ५०० वरून ६० पटींवर. महिनाभर जपलेलं कव्हरेज एका दुपारी, पॉलिमरेज वाचवायच्या नादात पाण्यात. त्यात डीएनए नॅनोड्रॉपवर मोजलेला असेल तर सोबतचा आरएनएही त्यात मोजला जातो आणि प्रत्यक्षात ३० मायक्रोग्रॅमही नसतो. क्यूबिटवर मोजा. सीक्वेन्सरला देतानाही एक गोष्ट सांभाळावी लागते. सगळ्या तुकड्यांची सुरुवातीची अक्षरं एकसारखी असतात, त्यामुळे कॅमेऱ्याला ठिपके वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून कमी-जास्त लांबीचे प्रायमर मिसळून वापरायचे आणि वर फायएक्स (वेगवेगळ्या अक्षरांचा एका विषाणूचा डीएनए) घालायचा.

आमच्या स्क्रीनमध्ये हे सगळं नीट झालं होतं. राइबोसोमची जनुकं जशी पडायला हवीत तशी पडली होती, दोन्ही रेप्लिकेट (समांतर केलेले प्रयोग) जुळत होते. म्हणूनच सेप्टिन-१४ची घसरण गोंगाट म्हणून झटकता येईना. घसरण खरी होती. तिचा अर्थ वेगळा होता.

कॅस-९ काय करतं? गाइड जिथे नेईल तिथे डीएनएचे दोन्ही धागे कापतं. साध्या पेशीत एका जनुकाच्या दोन प्रती, म्हणजे दोन काप, आणि पेशी ते सांधते. पण ज्या जनुकाच्या पन्नास प्रती आहेत त्यावर गाइड बेतला की एका पेशीत पन्नास काप होतात. पेशीला आपण कुठलं जनुक गमावलं याच्याशी देणंघेणं नसतं. डीएनए जागोजागी तुटलाय एवढंच तिला कळतं, ती विभाजनाआधीच्या जी-टू टप्प्यात थांबते आणि मागे पडते. डीएनए तुटल्यावर पेशीला थांबवणारं पी-५३ हे प्रथिन बिघडलेल्या पेशीही यातून सुटत नाहीत. ही गोष्ट ल्युकेमियावाल्यांनी आधी पाहिली होती. के-५६२ मध्ये बीसीआर-एबीएल या फ्युजन जनुकाचा भाग वाढलेला असतो आणि २०१५ मध्येच दिसलं होतं की २२व्या गुणसूत्रावरच्या त्या पट्ट्यातली, अजिबात न चालणारी जनुकंही ‘आवश्यक’ ठरतात. पुढच्याच वर्षी इतर कर्करोगांच्या पेशींतही तेच सिद्ध झालं. पण ल्युकेमियाचं वाचणारे आणि मेंदूच्या गाठींचं वाचणारे एकाच मजल्यावर बसले तरी एकमेकांचे पेपर वाचत नाहीत.

ग्लायोब्लास्टोमात प्रकरण आणखी गुंतागुंतीचं आहे, कारण वाढलेला ईजीएफआर बहुतेकदा गुणसूत्रात नसतोच. तो डीएनएच्या सुट्या वर्तुळांवर असतो. या वर्तुळांना सेंट्रोमिअर (विभाजनात गुणसूत्र ओढून नेण्याची जागा) नसतं, त्यामुळे पेशी दुभंगताना ती दोन्हीकडे सारखी वाटली जात नाहीत, जिकडे जातील तिकडे जातात. हे डोळ्यांनी बघायचं तर मेटाफेजची स्लाइड करावी लागते: कोल्सेमिड देऊन पेशी विभाजनात अडकवायच्या, ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये फुगवायच्या, तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग अॅसेटिक आम्लात पक्क्या करायच्या आणि काचेवर थेंब सोडायचा. कोल्सेमिड जास्त वेळ राहिलं की गुणसूत्रं आखडून बुटकी होतात. जास्त फुगवल्या की पेशी फुटून वर्तुळं इकडेतिकडे वाहून जातात, मग वर्तुळ कुठल्या पेशीचं ते कळत नाही. चांगली जमलेली स्लाइड फिशच्या (डीएनएचा ठरावीक भाग रंगाने दाखवणाऱ्या पद्धतीच्या) लाल-हिरव्या प्रोबखाली ठेवली तेव्हा सातव्या गुणसूत्राच्या सेंट्रोमिअरचे हिरवे ठिपके मोजके तीन-चार होते. ईजीएफआरचे लाल ठिपके मात्र गुणसूत्रांच्या बाहेर, मोकळ्या जागेत विखुरलेले होते. एका पेशीत दहा-बारा, आणि तिला खेटून असलेल्या दुसऱ्या पेशीत मोजायचा नाद सोडावा इतके. दोन्ही एकाच प्लेटमधल्या.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. माध्यमात भरपूर ईजीएफ (ईजीएफआरला चालवणारा वाढीचा घटक) घातला (सगळे २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर घालतात) तर या वर्तुळांची पेशीला गरज उरत नाही आणि काही पॅसेजनंतर (पेशी नव्या बशीत हलवण्याच्या फेऱ्यांनंतर) ती नाहीशी होतात. मग तुम्ही ईजीएफआर वाढलेल्या गाठीचा अभ्यास करताय असं समजता आणि बशीत वाढत असतात दुसऱ्याच पेशी. ईजीएफशिवाय किंवा अगदी कमी ईजीएफवर वाढवायच्या आणि दर काही पॅसेजला डिजिटल पीसीआरवर प्रती मोजायच्या. बाहेरून आलेल्या पेशींसोबत हा आकडा मागितला की लोकांना अपमान वाटतो. वाटू दे.

कापांचीच करामत आहे हे दाखवायला मी जनुकं बाजूलाच ठेवली. त्या वर्तुळावर जिथे कुठलंही जनुक नाही अशा ओसाड जागेवर दोन गाइड बेतले आणि ईजीएफआरच्या इंट्रॉनमध्ये (प्रथिनात न येणाऱ्या भागात) एक. तुलनेला एएव्हीएस१चा गाइड, जो १९व्या गुणसूत्रावर निरुपद्रवी जागी कापतो, आणि कुठेच न कापणारा एक. गाइडसोबत हिरवं प्रथिन, मग हिरव्या आणि साध्या पेशी निम्म्या-निम्म्या मिसळून दर तीन-चार दिवसांनी फ्लो सायटोमीटरवर हिरव्यांचं प्रमाण बघायचं. ओसाड जागेचे गाइड सेप्टिन-१४ इतकेच घसरले. तिसऱ्या दिवशी डीएनएतले काप दाखवणाऱ्या गॅमा-एचटूएएक्सने रंगवलेल्या पेशींची केंद्रकं ठिपक्यांनी भरलेली होती. एएव्हीएस१मध्ये एखाददुसरा ठिपका. सेप्टिन-१४चं प्रकरण तिथेच संपलं.

लायब्ररी विकणाऱ्यांशी आणि त्या घेणाऱ्यांशीही माझं भांडण नियंत्रण गाइडवरून आहे. त्या १,००० गाइडपैकी एकही जीनोममध्ये कापत नाही. म्हणजे कापणाऱ्या गाइडची तुलना न कापणाऱ्याशी होते आणि कापण्याचा त्रास हिशेबात धरला जात नाही. खरं नियंत्रण म्हणजे निरुपद्रवी जागी कापणारा गाइड. हे सगळ्यांना माहीत असूनही ऑर्डर देताना तीच जुनी लायब्ररी जाते, कारण मग आकडे आधीच्या पेपरांशी जुळवता येतात. सॉफ्टवेअरवाले म्हणतात सेरेस आणि क्रोनॉस आहेत की, प्रतींच्या संख्येनुसार दुरुस्ती करतात. करतात, आणि गुणसूत्रातल्या वाढीवर चांगलं करतात. पण दुरुस्तीला प्रतींचा एक आकडा द्यावा लागतो. ती स्लाइड पाहिल्यावर मी कुठला आकडा देऊ? सरासरी दिली तर ती त्या बशीतल्या फारशा पेशींना लागू पडत नाही.

इथवर झालं असतं तर लिहायला बसले नसते. डोक्यातून जात नाही ते त्याच गल्लीतलं दुसरं नाव, एसईसी६१जी.

हे जनुक सगळ्या पेशींत चालतं आणि या गाठीत तर जोरात. त्याचं प्रथिन केवळ ६८ अमिनो आम्लांचं आहे. पेशीत नवी प्रथिनं एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या ज्या दारातून आत जातात, त्या दाराचा हा एक छोटा भाग. ईजीएफआरसारखं पटलातलं प्रथिन त्याच दारातून जातं. त्यामुळे एक मोहक कल्पना सुचते: जी पेशी पन्नास पटींनी ईजीएफआर बनवतेय तिला हे दारही जास्त लागत असेल, म्हणून दोन्ही जनुकं एकाच वर्तुळावर टिकून राहिली असतील, आणि दार किंचित आवळलं तर गाठीच्या पेशी आधी कोसळतील. स्लाइडवर फार छान दिसते ही कल्पना. बऱ्याच गाठींत ही दोन जनुकं एकत्र वाढलेली असतात हेही खरं, पण शेजारी असणं एवढंच त्याचं कारण असू शकतं.

कॅस-९चा निकाल इथे निरुपयोगी, कारण कापांचा त्रास मिसळलेला. मग क्रिस्पर-आय: न कापणारं कॅस-९, त्याला क्रॅब हा जनुक दाबणारा प्रथिनाचा तुकडा जोडलेला. ते जनुकाच्या सुरुवातीला बसून त्याचं वाचन थांबवतं. सेप्टिन-१४चे गाइड या पद्धतीत सपाट राहिले, अपेक्षेप्रमाणे. एसईसी६१जीचे घसरले, पण थोडेच. लगेच ऐकू आलं: “बघा, ८० टक्के आरएनए गेला तरी पेशी जगताहेत, सोडून द्या.” या वाक्यावर मी अजून चिडते. पन्नास प्रतींच्या पेशीत ८० टक्के गेला तर दहा प्रतींइतका उरला. साध्या पेशीत असतात दोन. म्हणजे जनुक ‘बंद’ केल्यावरही तिच्याकडे सर्वसाधारण पेशीच्या पाचपट माल शिल्लक आहे, आणि आपण लिहितोय की तिला याची गरज नाही. कापणारी पद्धत खोटा होकार देते, बंद करणारी पद्धत खोटा नकार देऊ शकते, आणि दोन्हींचं कारण तीच वर्तुळं. डिग्रॉन (प्रथिनाचा नाश घडवणारी खूण) जोडून प्रथिनच नष्ट करावं तर पन्नास प्रतींत तो घुसवणार कसा? ६८ अमिनो आम्लांच्या प्रथिनाला त्याच्याहून मोठी शेपूट लावली तर ते काम करेल का, हा आणखी वेगळा प्रश्न. मायकोलॅक्टोनसारखी विषं हे दार बंद करतात, पण ती मुख्य भागावर बसतात आणि सगळ्याच पेशींचं दार बंद होतं.

इथे मला ल्युकेमियावाल्यांचा हेवा वाटतो. केएमटी२ए हे जनुक तुटलेल्या ल्युकेमियात मेनिन हे प्रथिन लक्ष्य, त्यावरचं रेव्ह्युमेनिब २०२४च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या एफडीएने मंजूर केलं. त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा आमच्यासारख्यांच्या बशीत सापडलेला नाही. औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या पेशींत मेनिनमधलं एखादं अमिनो आम्ल बदललं, औषध तिथे नीट बसेना आणि आजार परतला. याहून स्पष्ट साक्ष मिळत नाही: औषध त्याच प्रथिनावर चालत होतं आणि पेशीला ते प्रथिन हवंच होतं. मेलक या दुसऱ्या प्रथिनाचं उलट झालं. कर्करोगाचं लक्ष्य म्हणून त्यावरचं औषध रुग्णांपर्यंत गेलं, आणि २०१७ मध्ये दिसलं की मेलक पूर्ण काढून टाकलेल्या पेशीही त्याच औषधाने तशाच मरतात.

आम्हाला जमण्यासारखं होतं ते म्हणजे रेस्क्यू. एसईसी६१जीची एक प्रत वेगळ्या प्रमोटरखाली (जनुक चालू करणाऱ्या भागाखाली) पेशीत घातली, अक्षरं अशी बदलून की प्रथिन तेच राहील पण गाइड ती ओळखणार नाही. मग दोन्ही पद्धती पुन्हा. क्रिस्पर-आयमधली घसरण जवळजवळ भरून निघाली. कॅस-९मधली अर्धवट भरली. दोन्ही मिळून अर्थ लागतो: गरज खरी आहे, आणि उरलेला अर्धा भाग कापांचा. वरिष्ठांनी विचारलं, “मग हिट आहे की नाही?” मी म्हटलं, सर, अर्धा आहे. त्यांना हे उत्तर आवडलं नाही, आणि निधी देणाऱ्यांच्या फॉर्ममध्ये ‘अर्धा’ असा रकानाही नसतो.

शिवाय निरोगी न्यूरल स्टेम पेशींतही एसईसी६१जी बंद केलं की त्या मागे पडतात, हे आम्ही पाहिलंय. म्हणजे प्रश्न गरज आहे का हा नाहीच, किती आहे हा आहे. कुठलंही औषध जनुक समूळ तोडत नाही, काही टक्के काम अडवतं. त्यासाठी आता मुद्दाम एक-दोन अक्षरं चुकीची ठेवलेले क्रिस्पर-आयचे गाइड केलेत. चूक जितकी मोठी तितकं जनुक कमी बंद होतं, त्यामुळे ९० टक्क्यांपासून १० टक्क्यांपर्यंत पायऱ्या मिळतात. हाच संच वर्तुळं असलेल्या पेशी, त्याच रुग्णाच्या पण ईजीएफवर वाढून वर्तुळं गमावलेल्या पेशी आणि न्यूरल स्टेम पेशी अशा तिघींत घालतोय. आडव्या अक्षावर आरएनएची टक्केवारी न ठेवता प्रत्येक पेशीमागे उरलेले आरएनएचे रेणू ठेवायचे, डिजिटल पीसीआरवर मोजून, म्हणजे पन्नास प्रती आणि दोन प्रती एकाच मापात येतील. तिन्ही रेषा एकाच जागी कोसळल्या तर एसईसी६१जीचं नाव मी स्वतः यादीतून खोडेन. वर्तुळवाल्या पेशींची रेषा आधी कोसळली, तर त्या विद्यार्थ्याला पुन्हा पेपर शोधायला बसवावं लागेल, आणि या खेपेला गाइड कुठे कापतो हे आधी पाहून.